पॉजवरचं बोट

व्हीसीआर असलेल्या प्रत्येक घरात एक कर्तव्यदक्ष काका असायचे. दूरदर्शनवरचा रविवारचा सिनेमा टेप होत असला की ते यंत्रापाशी मांडी ठोकून बसत, बोट पॉजवर. जाहिराती लागल्या की खट्ट! टेप वाया जाता कामा नये. आता हिशेब बघा. एसपी, म्हणजे रेकॉर्डिंगच्या नेहमीच्या वेगाला टेप सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते. म्हणजे तीस सेकंदांच्या जाहिरातीला सत्तर सेंटिमीटर. तीन तासांच्या ई-१८० कॅसेटमध्ये टेप असते सुमारे २५८ मीटर. एवढ्या मोठ्या थानातलं पाऊण मीटर कापड वाचवण्यासाठी काकांनी सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजी घालवल्या. तो सिनेमा आज फोनवर हवा तेव्हा दिसतो. ललिताजींसाठी मात्र माळ्यावर चढावं लागतं. काकांना माफ करण्याइतका मोठेपणा माझ्यात नाही.

म्हणून टेपांवरच्या जुन्या जाहिरातींचा शोध नेहमी आळशी घरांपासून सुरू करावा. दक्ष घरांतही अगदीच निराशा होते असं नाही, कारण जाहिरात लागली हे कळायला काकांनाही दोन-तीन सेकंद लागतातच. त्यामुळे पहिल्या जाहिरातीचं डोकं सापडतं आणि शेवटच्या जाहिरातीचं शेपूट. निरमाची मुलगी गिरकी घेते आणि झग्याचा घेर पुरा व्हायच्या आत खलनायक समोर उभा!

लेबलवर तर अजिबात विसंबू नये. कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा टॅब मोडला की तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड करता येत नाही, खाचेवर चिकटपट्टी लावली की येतं. तेव्हा टॅब मोडलेला असेल आणि त्या खाचेवर चिकटपट्टी असेल, तर समजावं की आत कुणाचं तरी लग्न होतं आणि त्याच्यावर १९८७ च्या रामायणाचे भाग चढले आहेत. अशी टेप आधी हातात घ्यावी. रामायणाच्या वेळी काका टीव्हीसमोर हात जोडून बसायचे, आणि हात जोडलेले असले की पॉज दाबता येत नाही.

टेप मिळाली की लगेच यंत्रात घालायची घाई नको. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीच्या कडेकडे बघा. पांढरी, कोळिष्टकासारखी जाळी दिसली तर ती बुरशी. मुंबई-कोकणचे पावसाळे खाल्लेल्या टेपांत ती हमखास असते. तशीच चालवली की बुरशी यंत्रातल्या टेप वाचणाऱ्या हेडवर बसते आणि हेडवरून पुढच्या टेपला लागते, शाळेतल्या उवांसारखी. उन्हात तर मुळीच ठेवू नका. लोणचं नाही ते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आठवडाभर ठेवा. मग कॅसेट पालथी करून पाच स्क्रू काढा, पण झाकण उघडताना पुन्हा सुलटी करा, नाहीतर आतल्या स्प्रिंगा सोफ्याखाली जातात. सोफ्याखालून स्प्रिंग परत मिळाल्याची नोंद नाही.

आता यंत्र. व्हीसीआर दोन सेकंद चालून बंद पडतो आणि कॅसेट बाहेर काढताना टेपचं एक लांब वेटोळं आतच लोंबत राहतं, याला लोक ‘टेप खाल्ली’ म्हणतात. दोष बहुधा आयडलर नावाच्या छोट्या चाकाच्या रबराचा असतो. वीस-तीस वर्षांत ते रबर कडक होतं, घसरतं, टेप गुंडाळणारी फिरकी फिरत नाही आणि मागून येणारी टेप आत साचते. दुरुस्तीवाला ‘साहेब, हा माल आता येत नाही’ म्हणाला की त्याला फक्त रबराची रिंग मागा, बाहेरचा व्यास मोजून.

हेड साफ करायला कानाची काडी वापरणाऱ्याला मी टेपा दाखवायलाही देत नाही. कापसाचा धागा हेडच्या टोकात अडकतो आणि टोकच तुटतं. मऊ चामड्याचा तुकडा, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि तुकडा आडवा स्थिर धरून हेड बसवलेला ड्रम हाताने हळू फिरवायचा. वर-खाली घासायचं नाही. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत हा ड्रम मिनिटाला १५०० फेरे मारतो, तेव्हा त्याच्याशी जरा अदबीने.

संगणकात घेताना स्वस्तातलं यूएसबी कार्ड दगा देतं. काकांनी जिथे जिथे पॉज दाबला, तिथे तिथे सिग्नल अडखळतो. कार्ड चौकटी गाळतं आणि आवाज-चित्राचा मेळ सुटतो. मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे अडखळणारा सिग्नल सरळ करणारं यंत्र, हवा. तो परवडत नसेल तर जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडून सिग्नल त्यातून नुसता पुढे न्यावा. बऱ्याचशा रेकॉर्डरांत काम भागतं.

आणि मग त्याच टेपवर, चेरी ब्लॉसमच्या चार्लीच्या पाठोपाठ, खरा चार्ली निघतो. इथे माझा संयम संपतो, कारण आजच्या रुंद टीव्हीवर लोक चौकोनी चित्र ताणून बघतात. लॉरेल आणि हार्डी दोघेही हार्डी दिसतात! सेटिंगमध्ये ४:३ निवडायला दहा सेकंद लागतात.

वेगाची भानगड जास्त नाजूक. मूकपटांचा कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला सोळा-अठरा चौकटींच्या आसपास. आपला पाल टीव्ही दाखवतो पंचवीस. म्हणून सगळे लोकल पकडायला निघाल्यासारखे चालतात. अठराची फिल्म ७२ टक्के वेगावर आणली की माणसं माणसासारखी चालतात. पण लगेच खूश होऊ नका. विनोदी पटांत कॅमेरामन मुद्दाम हळू हँडल फिरवायचे, पडद्यावर धावपळ वाढावी म्हणून. तो वेग अगदी नैसर्गिक करून टाकला की लाथ बसते, पण हसू येत नाही. माझी पद्धत अशी: आधी एखाद्या शांत प्रसंगातला धूर किंवा सांडणारं पाणी बघून वेग ठरवायचा, मग पाठलाग सुरू झाला की तो थोडा वाढवायचा. मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटनच्या १९२८ च्या ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’मध्ये घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते आणि माळ्याच्या उघड्या खिडकीतून तो सहीसलामत उरतो. ही भिंत खरी होती, टनांच्या वजनाची. तिला फार हळू पाडलीत तर ती पुठ्ठ्याची वाटते.

एवढं सगळं करून चार मिनिटांची जाहिरातींची फाइल तयार होते. घरच्यांना दाखवायची म्हणून ती ऑनलाइन चढवून टीव्हीवर लावावी, तर आधी पंख्याची नवी जाहिरात सुरू. ती गाळून पुढे जायचं बटण पाच सेकंदांनी येतं. काकांचं बोट तिसऱ्याच सेकंदाला रिमोटवर असतं.