बुडाशी गोंद

परत तेच! स्टिल्बाइट खनिजाच्या पांढऱ्या स्फटिकांवर कॅव्हन्साइट या खनिजाचा निळाशार गोळा, विकत घेतलेला. बघताक्षणी जीव जडला. घरी अतिनील दिव्याखाली धरला, तर बुडाशी गोंद चमकतोय, म्हणजे गोळा वरून चिकटवलेला!

अहो विक्रेते, पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं हे निळं खनिज मिळवायला जगभरचे संग्राहक धडपडतात. ते चिकटवून कशाला विकता? सुटा गोळा सुटा म्हणून द्या, आनंदाने घेईन. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या पोकळीत जे वाढलं, त्याला गोंद फासताना हात कसा धजावतो?

आणि सोबतच्या चिठ्ठीवर नुसतं ‘पुणे’. खाण कोणती, साल कोणतं, पत्ताच नाही! खाण बुजली, वर इमारत उभी राहिली, की ती माहिती कायमची गेली. विचारलं तर म्हणे, “दगडच आहे ना साहेब?”