वेळापत्रक भिंतीवरच
विषयांच्या वेगवेगळ्या तासिका मोडून सगळे विषय एकत्र शिकवा, असं एका लेखात सुचवलंय. आमच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकाच खोलीत बसते, त्यामुळे वेळापत्रक तसंही भिंतीवरच राहतं! परवा खिचडीच्या तांदळाचं पोतं आलं. पोरांनी तांदूळ मापट्याने मोजला, गणित तिथेच झालं. मग भात कुठे पिकतो म्हणून नकाशात भंडारा-गोंदिया शोधलं. अडलं ते आकड्यांवर. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 59 साठी ‘एकोणसाठ’सोबत ‘पन्नास नऊ’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण ‘एकोणसाठ’ ऐकून पाटीवर 69 लिहिणारी पोरं रोज माझ्यासमोर बसतात. ही चूक गणिताची धरायची की मराठीची? तपासणीला आलेले साहेब मात्र विचारतात, परिसर अभ्यासाची तासिका कुठे लिहिलीय?