व्होल्टेज कमी केल्यानं मोटर स्लो होते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं की व्हीएफडीवर (हर्ट्झ बदलून मोटरचा स्पीड कमीजास्त करणारा ड्राइव्ह) एवढा पैसा काहून घालायचा, व्हेरिएक (व्होल्टेज कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून व्होल्टेज उतरवलं की मोटर घरच्या पंख्यासारखी स्लो होते, नाहीतर पुली बदलायची. अन् तुमच्या दाल मिलमध्ये रोलरला व्हीएफडी लावूनही बिल तेवढंच आलं, म्हणजे व्हीएफडीच्या फायद्याचं मी लिहिलं ते सगळं थापा.

पहिले व्होल्टेजचं बोलू. हरभऱ्याच्या ओलितात सगळ्यांचे पंप एकदमच चालू असतात, लाइन ४१५ वरून ३५० वर येते, तेव्हा पंपाची मोटर अर्ध्यावर येते का? नाही ना बावा. फेरे जरासेच उतरतात, मोटर गुरगुरते, जास्त करंट ओढते अन् शेवटी वायंडिंग जळते. कारण फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच असते, चार पोलच्या मोटरमधलं चुंबकीय फील्ड मिनिटाला १५०० फेऱ्यांनंच फिरत राहते, पण टॉर्क (फिरवायची ताकद) व्होल्टेजच्या वर्गानं पडतो, ३५० ला ७० टक्क्यांच्या आसपासच राहतो. पंख्याचं जमते कारण स्पीड उतरला की त्याचा लोडही झपाट्यानं उतरतो. व्हीएफडी हर्ट्झ अन् व्होल्ट दोन्ही सोबत उतरवतो, २५ हर्ट्झला साधारण २०७ व्होल्ट, म्हणून टॉर्क टिकतो.

पुलीचं तुमचं बरोबर आहे. वर्षभर एकच स्पीड लागत असेल तर पुलीच बदला, मीही तेच सांगतो. चालू मशीनवर माल पाहून स्पीड कमीजास्त करायचा असेल तरच व्हीएफडी.

अन् बिल. रोलर हळू फिरवला तर वीज कमी लागते पण मालही तेवढाच कमी निघते, क्विंटलमागं युनिट जवळपास तेच. खरी बचत ब्लोअरमध्ये, स्पीड ८० टक्के केला की पॉवर जवळपास ५१ टक्क्यांवर येते. जिनिंगमध्ये कापूस ओढणारा फॅन डॅम्पर (हवा अडवणारी झडप) अर्धा बंद करून चालवतात तिथं व्हीएफडी लावा ना, फक्त हवा फार उतरवू नका, कापूस पाइपातच बसते अन् मग सगळं चोक.

एक राहिलं, मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये ४५ च्या वर जाते अन् बरेच ड्राइव्ह पूर्ण लोडला ४० डिग्रीपर्यंतचेच असतात, त्यात हीटसिंकमध्ये (ड्राइव्हची गरमी बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या) भुसा, मग ट्रिप झाला की शिव्या व्हीएफडीला. पॅनल सावलीत ठेवा, जाळी साफ ठेवा.

तुमच्या मिलमधला ब्लोअर किती एचपीचा आहे अन् डॅम्पर किती बंद ठेवता तेवढं खाली लिहा, मग हिशोब करून पाहू.