तुम्हाले कायले शिकाचं आहे?

हौस म्हणून सुतारकाम शिकायचं मनात घेतलं. नागपूरच्या धरमपेठेतल्या एका हॉबी क्लासच्या पाटीवर ‘वुडक्राफ्ट’ लिहिलेलं दिसलं, म्हणून आत गेले. लाकूड म्हणून हातात मिळालं ते एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू रसायनात कालवून दाबलेली फळी. तिच्यावर टिश्यू पेपरचे गुलाब चिकटवायचे. करवत कुठे आहे, असं विचारल्यावर मॅडम दचकल्या. म्हणाल्या, “आपल्याकडे शार्प वस्तू अलाउड नाहीत.”

मग आयटीआयची चौकशी केली. तिथे सुतारकाम रीतसर शिकवतात, आठवी पास चालतं, वयाची वरची मर्यादा नाही. आठवी तर मी चांगल्या मार्कांनी पास आहे. पण कोर्स वर्षभराचा आणि रोज दिवसभर. एवढी रजा आमची बँक बाळंतपणालाही देत नाही.

पुण्याची वहिनी फोनवर म्हणाली, “आमच्याकडे वीकेंडला वर्कशॉप असतात. नागपुरात नाहीत का?” पुणेकरांचं हे वाक्य ठरलेलंच असतं. मी मेट्रोचा विषय काढला. आमची 2019 ला धावली, त्यांची 2022 ला. फोन लवकर संपला.

शेवटी लकडगंज, म्हणजे आमचा लाकूडबाजार, गाठलं.

तिथे आरा मशीनच्या आवाजात माणसं खुणांनीच बोलतात. एकटी बाई आलेली पाहून शेठ म्हणाले, “साहेब गाडी लावून राहिले का?” साहेब आलेच नाहीत म्हटल्यावर, “दरवाजा का दिवाण?” मी म्हटलं, दोन्ही नको, सुतारकाम शिकायचंय. शेठनी खूण करून मशीन बंद करायला लावली. मग हळू आवाजात विचारलं, “साहेबांची नोकरी गेली का, ताई?”

पुढे जिथे जिथे गेले तिथे हाच विचार, फक्त संकट वेगळं. कुणाला वाटलं मुलगा रिकामा आहे, कुणाला वाटलं फर्निचरवाल्याने फसवलंय आणि आता मी सूड घेणार आहे. हौस म्हणून कुणी रंधा हातात धरेल, हे कुणाला पटेना. ज्ञान मात्र फुकट मिळत गेलं. सहा फूट लांब, एक फूट रुंद, दोन इंच जाड फळी म्हणजे एक घनफूट. भाव घनफुटाचा, त्यामुळे इंच ऐकताना कान टवकारायचे. अयोध्येच्या मंदिरासाठी 2023 मध्ये आपल्या चंद्रपूरचं सागवान गेलं, हेही कळलं. प्रत्येक दुकानदार ते स्वतः पाठवल्याच्या थाटात सांगतो.

एका शेडमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी सरळ विचारलं, “तुम्हाले कायले शिकाचं आहे?”

भाच्याला तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोरांच्या पोळ्यासाठी, लाकडी बैल करून द्यायचाय, मी म्हणाले.

“महालच्या बाजारात रेडिमेड भेटते ना!”

“घरोघरी बोजारा, म्हणजे बैलाची ओवाळणी, मागत फिरताना त्याला सांगता आलं पाहिजे, आत्यानं केला म्हणून.”

हे त्यांना पटलं. फी विचारली तर म्हणाले, “तुम्ही बँकेत ना? मंग पीएम विश्वकर्माचा फॉर्म भरून द्या.” या योजनेत सुताराला पहिलं कर्ज एक लाखापर्यंत, पाच टक्के व्याजाने, अवजारांसाठी 15,000 रुपये आणि वर प्रशिक्षण, रोजचे 500 रुपये भत्त्यासह. म्हणजे जन्मभर रंधा मारलेल्या माणसाला सरकार पैसे देऊन सुतारकाम शिकवणार, आणि मी पैसे घेऊन दारोदार फिरतेय तर मला कुणी उभं करत नाही. मिस्त्री यावर बराच वेळ हसले. फॉर्म भरला. माझे रविवार सुरू झाले.

सुरुवातीला लाकडाला हातच लावू दिला नाही. नुसती पटाशीला, म्हणजे लाकूड तासायच्या छिन्नीला, धार. पंचवीस अंशांचा उतार दगडावर घासताना हलता कामा नये, आणि धार लागली का ते मनगटावरचे केस काढून पाहायचं. माझ्या डाव्या मनगटावर सध्या एकही केस नाही. मग रंधा, तोही लाकडाच्या रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या दिशेने. उलटा मारला की लाकूड उखडतं. मे महिन्यात गुळगुळीत सरकणारा आमचा ड्रॉवर जुलैत का अडकतो, तेही तिथेच कळलं. ओल पिऊन लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाही. इतकी वर्षं मी ड्रॉवरवर आणि नवऱ्यावर उगाच डाफरत होते. (नवऱ्यावरचं पूर्णपणे उगाच नसेल.)

हळूहळू हौशी मंडळींचा एक क्लबही आपोआप झाला. कोळसा कंपनीतून निवृत्त झालेले एक काका फळी घ्यायला आले ते परत गेलेच नाहीत. एक दातांच्या डॉक्टर येतात, त्यांचा ड्रिलवरचा हात बघून मिस्त्रीही मान डोलावतात. वर्गणी नाही, चहा ज्याने काम बिघडवलं त्याचा. बहुतेक वेळा काकाच पाजतात.

परवा बैलाचं चित्र फळीवर काढून नेलं. मिस्त्रींनी चष्मा वर केला. “पाय रेषेला आडवे येऊन राहिले. पहिल्याच दगडावर कटकन मोडन. याले बसलेला करून टाका.”

“बसलेला बैल पोरगं ओढेल कसा?”

“चाकं लावा ना खाली,” मिस्त्री म्हणाले. “तुमच्या बँकेत नाही का, सारे चाकावर बसल्या बसल्याच फिरून राहते!”