95 अंश दिसले म्हणजे प्रोसेसर जळत नाही

“रायझन 7000 ला 95 अंश दाखवतंय? प्रोसेसर जळणार. लगेच लिक्विड कूलर बसवा. एक मिनिट टेस्ट केली तरी कळेल. इंटेलचे तेरावी-चौदावी जनरेशनवालेही असेच तापून गेले.” हा मेसेज वाचून मुलं आई-वडिलांकडे कूलरसाठी हजारो रुपये मागतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी 95. सप्टेंबर 2022 मध्ये रायझन 7000 ही प्रोसेसरची मालिका आली तेव्हाच ती बनवणाऱ्या एएमडीने सांगितलं होतं, की सगळे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) कामाला लागले की 95 पर्यंत जाणं डिझाइनमध्येच धरलेलं आहे. विजेची मर्यादा आधी आडवी आली नाही, तर प्रोसेसर 95 गाठेपर्यंत क्लॉक, म्हणजे कामाचा वेग, वाढवत राहतो. या मालिकेतल्या 7950एक्सला तर 230 वॅटपर्यंत मुभा आहे. त्यामुळे भारी कूलर लावूनही आकडा बरेचदा तोच राहतो, क्लॉक तेवढा वाढतो. (7800एक्स3डीची मर्यादा मात्र 89 आहे.) एवढी उष्णता नकोच असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) कमी विजेवर चालवायचा इको मोड आहे, फुकट.

मग बिघाड ओळखायचा कसा? तापमानाशेजारी क्लॉक आणि वॅट बघा. शेजारच्या मुलाच्या 7700एक्सवर पूर्ण ताण देणारी टेस्ट सुरू करताच दोन सेकंदांत 95 आले, पण क्लॉक 4.5 गिगाहर्ट्झच्या बेसच्या (ठरलेल्या मूळ वेगाच्या) ही खाली, आणि वॅट 142 च्या मर्यादेच्या निम्मेसुद्धा नाहीत. कूलर उतरवला. बसवण्याआधी काढायची तळाची पारदर्शक फिल्म तशीच चिकटलेली, तिच्यावर उष्णता कूलरकडे नेणाऱ्या पेस्टचा गोल ठसा! फिल्म सोलली, जुनी पेस्ट पुसून नवी लावली, कूलर तोच ठेवला. क्लॉक 5 च्या वर गेला. नवा कूलर घेतला असता तर पैसे वाया गेले असते.

एक मिनिटाची टेस्टही पुरत नाही. कूलरचा धातू तापायला वेळ लागतो, लिक्विड कूलरमधल्या पाण्याला त्याहून जास्त. सिनेबेंच आर23 या प्रोसेसर तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये दहा मिनिटांची टेस्ट त्यासाठीच आहे. आणि खोलीचं तापमान लिहून ठेवा. जानेवारीतला आकडा मे महिन्यातल्या आकड्याशी ताडून काही कळत नाही.

इंटेलचं नुकसान खरं आहे, कारण मात्र चुकीचं सांगितलंय. 2024 मध्ये इंटेलनेच सांगितलं, की दोष प्रोसेसरला मिळणाऱ्या जादा व्होल्टेजचा होता. तो कूलर बदलून जात नाही. ज्यांच्याकडे हे प्रोसेसर आहेत त्यांनी हे जादा व्होल्टेज रोखण्यासाठी आजच बायोस अपडेट करावं. एकदा बिघडलेला प्रोसेसर अपडेटने सुधारत नाही, पण इंटेलने त्या मॉडेलांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे. बिल शोधून ठेवा.