पाचव्यांदा पीईला बसण्यापूर्वी

अमेरिकेतील प्रोफेशनल इंजिनिअर, म्हणजे सगळे जिला नुसते पीई म्हणतात, त्या परवान्याच्या परीक्षेत मी चार वेळा नापास झाले आणि पाचव्या खेपेस उत्तीर्ण झाले. उत्तीर्ण झाल्याचे मी त्याच संध्याकाळी येथे जाहीर केले होते आणि तुम्ही सर्वांनी भरभरून अभिनंदनही केले होते. आधीच्या चार निकालांविषयी मात्र मी अवाक्षर काढले नव्हते. मागच्या आठवड्यात ऑफिसमधील एका तरुण सहकाऱ्याने माझ्या खोलीचे दार लोटून घेतले आणि आपण दुसऱ्यांदा नापास झाल्याचे हळू आवाजात सांगितले, तेव्हा मला माझ्याच लपवाछपवीची लाज वाटली. म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांना ही परीक्षा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. येथे अभियांत्रिकीची पदवी असली तरी नकाशांवर शिक्का मारून त्यांची जबाबदारी घेण्याचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी आधी एफई (फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग) ही मूलभूत विषयांची परीक्षा, मग बहुतेक राज्यांत साधारण चार वर्षांचा अनुभव आणि पीई, अशी वाट आहे. परवाना प्रत्येक राज्याचे मंडळ देते, परीक्षा मात्र एनसीईईएस ही एकच संस्था घेते. सिव्हिलच्या परीक्षेत ८० प्रश्न आणि ८ तास असतात. सिव्हिलमध्येही पाच शाखा असून माझी शाखा जलसंपदा आणि पर्यावरण ही होती.

निकाल एका शब्दाचा लागतो. किती गुण मिळाले हे सांगत नाहीत आणि उत्तीर्ण होण्यासाठी किती हवेत हेही जाहीर करत नाहीत, त्यामुळे नापास झालेला माणूस ‘थोडक्यात हुकले’ अशी स्वतःची समजूत घालायला मोकळा राहतो. मी तीन वेळा तशी घातली. खरे तर नापास झालेल्यांना एक अहवाल मिळतो. त्यात प्रत्येक विषयातील आपली कामगिरी आणि उत्तीर्ण झालेल्यांची सरासरी शेजारी शेजारी दाखवलेली असते. पहिल्या वेळी मी तो उघडून लगेच मिटला. दुसऱ्या वेळी कोठे चांगले झाले आहे तेवढेच पाहिले. चौथ्या निकालानंतर एका रविवारी मी चारही अहवाल छापून जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले, आणि वेगवेगळ्या तारखांचे ते चार कागद एकच गोष्ट सांगत होते. जलविज्ञान आणि खुल्या प्रवाहांचे विषय दर वेळी सरासरीच्या वर होते, तर सांडपाणी प्रक्रिया आणि भूजल दर वेळी खाली.

याचे कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. ऑफिसमध्ये माझे काम पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचे. दिवसभर मी पाइप आणि साठवण तलाव यांचीच गणिते करते. संध्याकाळी अभ्यासाला बसले की हात आपोआप त्याच प्रकरणांकडे जात असे, कारण तेथे उत्तरे बरोबर येत होती आणि नापास झालेल्या माणसाला बरोबर उत्तराची फार भूक असते. पाइप किंवा नाल्यातून पाणी किती वेगाने वाहील हे काढण्याच्या मॅनिंगच्या सूत्रावरची उदाहरणे मी किती वेळा सोडवली असतील याचा हिशेब नाही. घरचे म्हणत, किती चिकाटी आहे हिच्यात. मलाही तसेच वाटे. आज मात्र माझे स्पष्ट मत आहे की ती चिकाटी नव्हती, तो आडोसा होता. जे येते तेच पुन्हा पुन्हा करत राहणे दमवणारे असते, आणि त्या दमण्यालाच आपण अभ्यास समजतो.

ज्या मॅनिंगच्या सूत्राचा मला अभिमान होता, तेथेही मी मार खाल्ला होता. माझे शिक्षण मीटरमध्ये झालेले. मीटरमध्ये त्या सूत्राचा गुणक १ असतो आणि फुटांमध्ये तो १.४८६ होतो. घाईत तो गुणक विसरला तर उत्तर चुकते, पण चुकल्याचे कळत नाही, कारण नेमके ते चुकीचे उत्तर पर्यायांमध्ये दिमाखात बसलेले असते. प्रश्न काढणाऱ्यांना आपण कोठे घसरणार हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. सांडपाण्याच्या गणितांत तर ८.३४ या आकड्याशिवाय पान हलत नाही. तो म्हणजे एक गॅलन पाण्याचे पौंडांतले वजन, आणि हे साधे कारण मला चौथ्या नापाशीनंतर समजले. तोवर मी तो आकडा नुसता पाठ करून विसरत होते.

पाचव्या खेपेच्या तयारीत मी एक वेगळी वही केली. तिच्यात बरोबर रीत लिहायची नाही, आपण का चुकलो तेवढेच एका ओळीत लिहायचे, असा नियम ठेवला. निम्म्याहून अधिक ओळी एककांच्या किंवा प्रश्न अर्धवट वाचल्याच्या निघाल्या. विषयच येत नाही अशा ओळी त्या मानाने कमी होत्या, पण त्या जवळजवळ सगळ्या मी टाळलेल्या दोन प्रकरणांतल्या होत्या.

‘ही परीक्षा निरुपयोगी आहे, सगळे सॉफ्टवेअरच करते’ असे नापास झालेले लोक म्हणतात आणि मीही म्हटले आहे. आठ तासांत माणसाची सगळी पारख होत नाही हे मला आजही मान्य आहे. पण शिक्क्याचे वजन समजून घ्यायचे असेल तर १७ जुलै १९८१ रोजी मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीतील हयात रीजन्सी हॉटेलात काय झाले ते वाचावे. अधांतरी टांगलेले पादचारी पूल कोसळून ११४ माणसे गेली. मूळ आराखड्यात दोन्ही मजल्यांचे पूल एकाच सलग सळईवर टांगलेले होते. बांधताना तिच्या जागी दोन वेगळ्या सळया आल्या, खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईला लटकला आणि तेथील जोडावरचा भार दुप्पट झाला. हा बदल मंजूर झाला होता. जबाबदार अभियंत्यांचे मिसुरीतील परवाने पुढे रद्द झाले. हे वाचल्यापासून, विसरलेला १.४८६ म्हणजे ‘किरकोळ चूक’ असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पैशांचे आणि वेळेचेही सांगितले पाहिजे. दर वेळी शुल्क भरावे लागते आणि पुष्कळ कंपन्या पहिल्या प्रयत्नापुरतेच ते देतात. एका तिमाहीत एकदाच आणि बारा महिन्यांत तीनदाच बसता येते, काही राज्यांच्या अटी याहून कडक आहेत. या नियमावर मी पूर्वी चिडत असे. वास्तविक दोनदा मी पुढच्याच तिमाहीत, तीच तयारी आणि तोच राग घेऊन पुन्हा जाऊन बसले होते आणि त्याचे फळ काय मिळाले ते वर लिहिलेच आहे. पाचव्या खेपेआधी मी आठ महिने थांबले. पीईच्या हाताखाली आयुष्यभर उत्तम काम करणारे आणि परीक्षेचा नाद सोडून दिलेले लोकही माझ्या परिचयाचे आहेत. त्यांना ‘प्रयत्न सोडू नका’ असे ऐकवण्याचा अधिकार मला केवळ मी उत्तीर्ण झाले म्हणून मिळत नाही.

त्या सहकाऱ्याला मी धीर वगैरे दिला नाही, अहवाल मागितला. दुसऱ्या दिवशी त्याने तो चौघडी करून खिशातून आणला. त्याची शाखा वाहतुकीची आहे. दोन्ही वेळचे कागद शेजारी ठेवल्यावर तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग म्हणाला, “निचऱ्याचे प्रकरण मी दोन्ही वेळा उघडलेच नव्हते.” शनिवारी सकाळी आम्ही तेथूनच सुरुवात करणार आहोत. पुढची तारीख त्याने अजून घेतलेली नाही.