कोटिंग म्हणजे नुसता सोनेरी रंग? – एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की धातू कापायच्या टूलवरचं कोटिंग म्हणजे नुसता रंग, एकदा धार लावली की सगळं गेलं, आणि तुमचा काळ्या कोटिंगचा कार्बाइड (फार कडक पण ठिसूळ मटेरियल) एंडमिल, म्हणजे मिलिंग मशीनवर फिरत कापणारं टूल, अॅल्युमिनियमवर साध्यापेक्षाही आधी बाद झाला.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे तुमचा अनुभव शंभर टक्के खरा आहे. ते काळं कोटिंग बहुतेक अॅल्युमिनियम टायटॅनियम नायट्राइड असणार, आणि अॅल्युमिनियमच्या जॉबला ते चालत नाही, धातू धारेला चिकटतो. भिंगाखाली धार बघा, कडेला चकचकीत थर साचलेला दिसेल, तो साचला की चिप (कापलेल्या धातूचा कीस) फ्लूटमधून, म्हणजे टूलवरच्या खाचेतून, बाहेर पडत नाही आणि मग एंडमिल मोडायला वेळ लागत नाही. त्या कामाला पॉलिश फ्लूटचा बिनकोटिंगचा एंडमिल घ्या, नाहीतर झिर्कोनियम नायट्राइड किंवा डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनचा थर) कोटिंगचा. म्हणजे चुकलं ते जोडीचं, कोटिंगचं नाही.

आता रंग. सोनेरी दिसतं ते टायटॅनियम नायट्राइड, तो त्याचा स्वतःचाच रंग आहे हो, वरून लावलेला नाही. थर जेमतेम २ ते ४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पण कडकपणा २००० विकर्सच्या (कडकपणाचं माप) वर, एचएसएस, म्हणजे ड्रिलचं हाय-स्पीड स्टील, ८००-९०० च्या आसपास असतं. हा थर व्हॅक्यूममध्ये साधारण ५०० अंशांच्या आत चढवतात, म्हणून एचएसएसचं टेंपर, म्हणजे उष्णता देऊन आणलेला कडकपणा, उतरत नाही.

धार लावल्यावर ड्रिलच्या टोकावरचं कोटिंग जातं हे खरंय, पण चिप घासत जाते त्या फ्लूटमधलं तसंच राहतं, त्यामुळे सगळा फायदा जात नाही.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: स्टीलवर तेच काळं कोटिंग जुन्याच कमी आरपीएमवर चालवलं तर पैसे वायाच जाणार, कारण जास्त वेगात गरम झाल्यावरच त्यावर अॅल्युमिनाचा (अॅल्युमिनियम ऑक्साइड) पातळ थर तयार होतो आणि तोच टूलला उष्णतेपासून वाचवतो. मिलिंगमध्ये कूलंट (टूल गार ठेवायचं पाणी-तेल) थेंबथेंब सोडू नका, कार्बाइड गरम-गार होऊन तडकतं, त्यापेक्षा कोरडं चालवून हवेने चिप उडवा.

धार झिजली की तुटली तेवढं कळवा. तुटली असेल तर आधी होल्डरचा रनआऊट (फिरताना किती डगमगतो ते) डायल गेजने तपासा, तिथे कुठलंच कोटिंग कामाला येत नाही.